विहिरीचं काढ

गुरुजी, तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. माझी स्वतःची शिक्षिकेची नोकरी संपली, शहरात सावेडीला घर झालं, गुडघे दुखायला लागले, पण हा राग काही उतरला नाही. म्हणून आज लिहायला बसले.

बाहत्तरचा दुष्काळ. पारनेरकडची आपली एका खोलीची शाळा. मी चौथीत आहे. तुम्ही खडूनं आणि निळीनं भिंतीवर जगाचा नकाशा काढलाय, आणि परदेशातून आलेल्या पावडरीचं दूध वाटता वाटता विचारताय, "हे दूध देणारा देश कुठला, दाखवा बरं." मी बोट ठेवते. "आपण नुसते या गावाचे नाही, साऱ्या जगाचे," तुम्ही म्हणता. पोटात कोमट दूध आणि डोळ्यांपुढे एवढं मोठं जग. मला खरंच बरं वाटायचं. ते बरं वाटणं तुम्ही दिलंत, ते मी नाकारत नाही.

आमची ख्रिस्ती वस्ती गावाबाहेर होती. पणज्यानं धर्म बदलला, पण गावाच्या लेखी आम्ही होतो तिथंच होतो. आमचा आड आटला आणि पाणी उरलं फक्त गावच्या विहिरीला. तिथं आमच्या बायकांनी लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. त्या दिवशी आई सकाळपासून उभी होती, मी तिच्याजवळ. रहाटावरची बाई सारखी म्हणत होती, "थांबा, आमचं हुंदे." तेवढ्यात तुम्ही कळशी घेऊन आलात. कळशी भरलीत, आईकडे पाहिलंत आणि खाली मान घालून निघून गेलात. आई खडी फोडायच्या दुष्काळी कामावर उशिरा पोचली, मुकादमानं तिला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "गुरुजी, सगळी माणसं सारखी, मग माझ्या आईला का थांबावं लागतं?" तुम्ही मला जवळ बोलावून हळूच म्हणालात, "मन खंबीर कर, पोरी. डोळे मीट, लांब श्वास घे. त्रास कमी वाटेल." मी घेतला. पाटलांच्या मुलीला तुम्ही कधी खंबीर व्हायला सांगितलं नाहीत.

मग ते पत्र. परदेशातल्या एका शाळेला आपल्या वर्गानं लिहायचं होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून मी लिहायचं, तुम्ही इंग्रजी करायचं. मी दुधाचं लिहिलं, नकाशाचं लिहिलं, आणि आई विहिरीवर किती वेळ उभी राहते तेही लिहिलं.

"विहिरीचं काढ," तुम्ही म्हणालात. "असं बाहेर सांगायचं नसतं."

"पण ते खरं आहे, गुरुजी."

"खरं आहे म्हणूनच."

तुम्ही सांगितलंत आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिलं की इथं दुष्काळ आहे, पण आम्ही सगळे मिळून विहिरीवर पाणी भरतो.

उत्तर आलं. सोबत रंगीत चित्र, विहिरीभोवती हात धरून उभी असलेली मुलं. साहेब तपासणीला आले, त्यांनी तुमची पाठ थोपटली. घरी आईनं विचारलं, "काय आलंय म्हनं शाळंत?" मी सांगितलं.

"मिळून पानी भरतो, ह्ये त्यांना कुनी सांगितलं?"

"म्या लिवलं."

आई बराच वेळ फुटलेल्या बोटांना तेल चोळत राहिली. मग म्हणाली, "अक्षर लई चांगलं हाय तुझं."

गेल्या महिन्यात मला शिक्षकांच्या शिबिरात बोलायला बोलावलं. मुलांना जगाचे नागरिक कसं करायचं, संकटात मन सावरायला कसं शिकवायचं, हा विषय. मी नकाशाचं सांगितलं, दुधाचं सांगितलं, लांब श्वासाचंही. टाळ्या पडल्या. तरुण शिक्षक वहीत लिहून घेत होते. पुढचं, विहिरीचं, सांगायला मी तोंड उघडलं आणि "एवढंच" म्हणून खाली बसले.

मला कुणी अडवलं नव्हतं, गुरुजी. तुम्ही राहायचात ती खोली पाटलांची होती, पाणी त्यांच्या हातात होतं; तुमची भीती कळते. मला कशाची भीती होती, ते हे सगळं लिहूनही सांगता येत नाही. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही.