राखाडी फोटोंचं काम

प्रिय ताई,

काल फोनवर तू रडायला लागलीस आणि मला धड काही बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. भाचेबुवांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, अगदी माझ्यासारखंच. त्याला प्रयोगशाळेत काम करायचंय आणि आता ते कसं जमणार, या काळजीनं तुझा जीव अर्धा झालाय. आधी डोळे पूस.

मी प्रयोगशाळेत दिवसभर काय करतो ते तू कधी नीट विचारलं नाहीस. वेळेवर जेवतो ना, एवढंच तुझं. तर ऐक. औषधाची गोळी कॅमेऱ्याखाली ठेवायची. तिच्यावर एकेका तरंगलांबीचा प्रकाश टाकून फोटो काढायचे. त्यातले काही प्रकाश तर माणसाला दिसतही नाहीत. सगळे फोटो राखाडी. गोळीवरचा एकच ठिपका कुठल्या फोटोत किती उजळ आहे, ते आलेखावर मांडलं की एक रेघ तयार होते. प्रत्येक पदार्थाची रेघ वेगळी, त्यावरून गोळीत औषध कुठं आणि भर म्हणून घातलेली खडूची पूड कुठं ते कळतं. नुसत्या डोळ्यांना गोळी सगळ्यांनाच पांढरी दिसते गं. तिथं सगळे माझ्याच रांगेत.

रंग येतात शेवटी, गोळीत कुठं काय आहे ते दाखवणाऱ्या नकाशात, आणि तेही आपणच ठरवायचे. परवा सहकाऱ्यानं औषध लाल आणि खडू हिरवा रंगवला. मला सगळं एकसारखं. एरवी मी आकडे बघून वेळ मारून नेतो. या वेळी मात्र आमच्या विभागप्रमुख मॅडमना सांगून टाकलं, मला हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. त्या म्हणाल्या, मग निळा-पिवळा करा, अहवाल वाचणाऱ्यांतही तुमच्यासारखे असतीलच. आणि चहाला निघून गेल्या.

एवढा धीर मला तुझ्यामुळे आला. माझ्या रंगीत पेन्सिलींना तू ब्लेडनं खाचा पाडायचीस, लालला एक, हिरव्याला दोन. तरी एकदा चित्रातला घोडा हिरवा झालाच, तेव्हा त्यानं गवत जास्त खाल्लंय, असं बाबांना ठोकून दिलंस. अजून शर्ट घेताना तुलाच फोटो पाठवतो. आभार मानले तर धपाटा घालशील, पण मनापासून मानतो.

पण कालचं एक डोक्यातून जात नाही. फोनवर मागून दाजींनी विचारलेलं ऐकू आलं, हे आलं कुणाकडून, आणि तू ‘काय माहीत’ म्हणून विषय बदललास. कुणाला सांगू नकोस, असं मी शाळेत असताना म्हटलं होतं, ते तू अजून पाळतेस. पुरे आता. पत्र मिळालं की सगळ्यांसमोर, पोराच्या पाठीवर हात ठेवून सांग, हा मामावर गेलाय.

तुझाच,
धाकटा