पंधराशे पावलांचं मैदान

२२ जुलै १९४३, गुरुवार

आज इंग्रज कॅप्टनने आमचं कापणी झालेलं रान पावलांनी मोजलं. दरीच्या कड्यापासून चर्चच्या आवारापर्यंत. दोनदा. मग म्हणाला, इथे विमान उतरवायचं.

दुभाष्या स्तामातिस. अमेरिकेत बारा वर्षं खानावळीत भांडी घासून आलाय, इंग्रजी येणारा गावात तेवढा एकच, बाकीच्यांना फक्त ग्रीक. मला म्हणाला, "झिसी, माझे कान ठीक असतील तर हा विमान म्हणतोय." लोक हसले. मीही हसलो. कॅप्टन हसला नाही. हार्ग्रीव्ह नाव त्याचं. तिशीतला असेल. उन्हाने नाकाची सालं निघालेली. तीन आठवड्यांपूर्वी विमानातून छत्रीने डोंगरात उतरला.

कारण कळलं तेव्हा हसू गेलं. वरच्या गावच्या शाळेत आमची सतरा जखमी पोरं पडली आहेत — खालच्या घाटात लढलेली. डॉक्टरकडे औषध संपलंय, करवत तेवढी उरली आहे. खालचे सगळे रस्ते जर्मनांच्या आणि इटालियनांच्या ताब्यात. पोरांना बाहेर काढायचं तर हवेतूनच. कैरोला इंग्रजांचं मोठं इस्पितळ आहे म्हणे.

मुकादम मला केलंय. वीस वर्षं सरकारी पूल बांधले, म्हणून.

२४ जुलै, शनिवार

तीनशे माणूस कामावर. पाच गावांतून आलेत. निम्म्याहून जास्त बायका.

पहिलंच भांडण झालं. कॅप्टनने कागदावर पाण्याचा चर काढला तो उत्तरेला. डोंगराचं पाणी येतं दुसऱ्याच बाजूने. पहिल्या वळवात सगळं मैदान चिखल होईल. मी ते चार शब्दांत सांगितलं. स्तामातिस म्हणाला, "यातला 'गाढव' मी वगळतो हं."

वगळूनही कॅप्टनला कळलं असावं. उन्हात उभा राहून बराच वेळ डोंगराकडे बघत होता. मग कागदावरची रेघ खोडली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "तुम्ही काढा, मिस्त्री."

काढली. हा माणूस चालेल.

२९ जुलै, गुरुवार

सकाळी दहाला जर्मनांचं टेहळणीचं विमान येतं. रोज. त्याआधी सगळ्या मैदानावर कापून आणलेली झाडं उभी करायची, गवताच्या गंजी ओढून आणायच्या, मेंढ्या सोडायच्या. ते गेलं की सगळं उपटायचं आणि पुन्हा कुदळ. आज ते खूप खाली आलं. मेंढ्या बिथरल्या, आम्ही नाही.

२ ऑगस्ट, सोमवार

कॅप्टनने आज पुन्हा मोजलं. साडेतेराशे पावलं. भरलेलं विमान एवढ्या उंचीवर उठायला पंधराशे लागतात. दीडशे कमी.

एका टोकाला दरी. दुसऱ्या टोकाला चर्चची दफनभूमी.

तो वही मिटून बसला. शेवटी म्हणाला, "मी आज कैरोला कळवतो, जमणार नाही." स्तामातिसने विचारलं, दुसरी जागा? नाही. सगळे डोंगर फिरून झालेत त्याचे.

मी म्हटलं, "आज कळवू नका. दोन दिवस द्या."

"मी तुम्हाला हे करायला सांगू शकत नाही," तो दफनभूमीकडे बघत म्हणाला.

"तुम्ही सांगतच नाही आहात."

३ ऑगस्ट, मंगळवार

चर्चपुढे गाव जमलं. आमचे धर्मगुरू पापा-लुकास यांनी सरळ सांगितलं. आपल्या रीतीने तीन वर्षांनी हाडं काढतोच, वाइनने धुतो, अस्थिघरात ठेवतो. ज्यांना तीन वर्षं झाली त्यांचं आता काढलं तर त्यात पाप नाही. प्रश्न आहे अकरा जणांचा, ज्यांना झाली नाहीत. त्यांचं त्यांच्या घरच्यांनीच ठरवायचं. जबरदस्ती नाही.

एकजण म्हणाला, "इंग्रजांना काय! त्यांचे मेलेले इथे थोडेच आहेत?"

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. माझ्या बायकोला, एवान्थियाला, जाऊन चौदा महिने झाले. शेतातून पळणाऱ्या लोकांवर इटालियन गस्तीने गोळ्या झाडल्या होत्या. ती पळतसुद्धा नव्हती. कांद्यात खुरपत होती.

मुकादम मी आहे. मी आधी हो म्हटल्याशिवाय बाकीचे दहा म्हणणार नाहीत. आणि माझं एकट्याचं हो पुरत नाही.

४ ऑगस्ट, बुधवार

देस्पोबाईंकडे गेलो. माझ्या सासूबाई. मसूर निवडत बसल्या होत्या.

"कळलंय मला. बस."

"आई, तुम्ही नाही म्हणालात तर तिथे कुदळ लागणार नाही."

"मग विमान?"

"मग नाही."

पुन्हा निवडायला लागल्या. म्हणाल्या, "त्या सतरा जणांना आया आहेत?"

"असतील."

"असतील म्हणजे? विचारून आलास की उगाच ठोकतोस?"

"आहेत. दोघी रोज शाळेच्या दारात बसून असतात."

"चौदा महिनेच झालेत रे, झिसी. अजून..."

"मी एकटा करीन," मी म्हटलं. "तुम्ही येऊ नका."

"एकटा? जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा न्हाऊ घातलं ते मी. तू कुठे होतास तेव्हा?" ताटली बाजूला ठेवली. "मी येणार. आणि त्या गवंड्याच्या फावड्याने नाही. लहान खुरपं आण."

५ ऑगस्ट, गुरुवार

दहाही घरांनी होकार दिला. शेवटचा दुपारी आला.

७ ऑगस्ट, शनिवार

झालं.

पहाटे पापा-लुकासनी एकेक नाव घेतलं. जुनी हाडं बायकांनी वाइनने धुतली, पांढऱ्या फडक्यात बांधली. कुणी मोठ्याने रडलं नाही. एक म्हातारी आपल्या नवऱ्याच्या कवटीला म्हणाली, "जिवंतपणी इतकं स्वच्छ कधी राहिला नाहीस." सगळ्यांना ऐकू गेलं. बरं वाटलं.

मग अकरा. आमचं पहिलं. देस्पोबाई गुडघ्यावर बसून हाताने माती काढत होत्या. मी शेजारी. काय पाहिलं ते लिहिणार नाही. वेणी होती. एवढंच.

मी रात्री बसून नव्या पेट्या केल्या होत्या, अक्रोडाच्या फळ्यांच्या. डोंगराच्या वरच्या पायरीवर, चेस्टनटच्या झाडांखाली नवे खड्डे तयार होते. पेटीला चौघे हवे. मी, स्तामातिस, तिचा चुलतभाऊ. चौथा येत होता तेवढ्यात कॅप्टन टोपी काढून पुढे आला आणि स्तामातिसला काहीतरी विचारलं. स्तामातिसने देस्पोबाईंकडे पाहिलं.

"उंच आहे फार," त्या म्हणाल्या. "पेटी तिरकी होईल. मागे लाव त्याला, आणि गुडघे वाकव म्हणावं."

सगळा चढ तो गुडघे वाकवून चालला. नंतर उरलेल्या दहांनाही खांदा दिला. तसाच, वाकून.

दुपारी दफनभूमीतली तिन्ही सरूची झाडं पाडली. संध्याकाळी जमीन सपाट करायला सुरुवात केली. मीच केली.

१० ऑगस्ट, मंगळवार

ओंडका ओढून ओढून माती बसवली. पंधराशे पावलं भरली. कॅप्टनने कैरोला कळवलं — तयार.

१४ ऑगस्ट, शनिवार

काल आलं.

सूर्य मावळताना, दरीच्या बाजूने. एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. टेकलं, उड्या मारत आलं आणि थांबलं. लोक जागच्या जागी उभे. मग बायका धावल्या.

आतून औषधांच्या पेट्या निघाल्या, प्लॅस्टर, बूट, आणि एक डॉक्टर — कैरोत राहणारा आपलाच माणूस, सालोनिकाचा. सतरा पोरांना खाटल्यांवरून आत नेलं. एकाच्या पायाचा वास दहा हातांवरून येत होता. तो मला म्हणाला, "काका, विमानात उलटी होते का?" म्हटलं, "मला काय विचारतोस, मी खेचराच्या वर कधी चढलो नाही." हसला.

निघताना डावं चाक रुतलं. पन्नास जणांनी दोर लावून ओढलं. पापा-लुकाससुद्धा, झगा कमरेला खोचून. सुटलं. वैमानिकाने काचेतून हात केला आणि ते आमच्यासमोरून गेलं. उठेना. उठेना. मग उठलं.

आज उजाडताच जाऊन चाकांचा माग पाहिला. जुन्या मैदानाची हद्द ओलांडून एकशे एकतीस पावलांवर संपतो. तिथून पुढे माती तशीच.

देस्पोबाईंना जाऊन आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे एकोणीस उरली." मग मक्याची भाकरी पुढे ठेवली. "खा. तीन दिवस तोंड बघवत नाहीये तुझं."

२८ ऑगस्ट, शनिवार

आणखी दोन विमानं येऊन गेली. कैरोच्या संदेशात ओळ होती — सतरापैकी पंधरा वाचले. कोणते दोन गेले ते लिहिलं नाही. शाळेच्या दारात बसणाऱ्या दोघी रोज मला विचारतात. मी कॅप्टनला विचारतो, तो कैरोला. नावं येईपर्यंत विचारणार.

रात्रीच्या पावसात चर फुटला. पन्नास पावलांचं दगडी काम पुन्हा करायचं. माणसं मात्र अपुरी — सगळी मक्यात गुंतलीत.

९ सप्टेंबर, गुरुवार

इटलीने शरणागती पत्करली. रेडिओवर ऐकलं. स्तामातिसने चर्चची घंटा इतकी बडवली की दोर तुटला. लोक नाचले. मी चरावर काम करत राहिलो.

जर्मन आहेतच. विमानं यायचीच आहेत.

१६ सप्टेंबर, गुरुवार

कॅप्टनची चिठ्ठी: बावीस इटालियन शिपाई आपल्या बाजूने आलेत. आता ते मित्र. चरासाठी माणसं हवीत, यांना घ्या. नको असतील तर तसं सांगा, कारण विचारणार नाही.

त्यांना दुपारपर्यंत उन्हात उभं ठेवलं. मग म्हटलं, राहू देत.

त्यांच्यातला एक गवंडी निघाला. न विचारता दगड उचलला, फिरवून पाहिला, बसवला. संध्याकाळपर्यंत त्याच्या कामात खोट शोधत होतो. सापडली नाही.