पट्ट्यांच्या पेटीबाहेर

सोमवार, ४
नोकरी लागली, खोली मिळाली, खिडकीत ऊनही येतं. आणखी काय हवं! हे आणि भिंगरी महिनाअखेरीस येतील. आमची लेक एका जागी क्षणभर टिकत नाही, म्हणून ती भिंगरी.

प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनी स्वतः सगळं दाखवलं. उंदरांच्या दोन पेट्या. एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, तळाला सळया, आत व्हिनेगरचा वास. तिथे शिट्टी वाजते आणि उंदराच्या पायांना झटका बसतो. दुसरी गोल, गुळगुळीत, साबणाच्या वासाची. तिथे काहीच होत नाही. बाई म्हणाल्या, भीती नुसत्या शिट्टीला चिकटत नाही, जागेलाही चिकटते. पट्ट्या दिसल्या की उंदीर शिट्टीआधीच थिजतो; गोल पेटीत तोच मजेत मिशा साफ करतो. हे मोजायचं माझं काम.

बुधवार, ६
हात बसला. पहिला झटका देताना डोळे मिटून घेतले, खोटं कशाला बोलू. पण निकाल झकास. पट्ट्यांत ठेवला की पुतळा, गोल पेटीत ठेवला की टवाळ कार्टं. पिंजरे सांभाळणारे काका म्हणतात, मी उंदरांना लेकरासारखं उचलते.

मंगळवार, १२
उंदीर आता गोल पेटीतही थिजतात. बाई म्हणाल्या, दोन्हीकडे काहीतरी सारखं राहिलंय, शोधून काढ. दिवा बदलला, साबण बदलला, माझा कोट, चपलासुद्धा. फरक शून्य.

गुरुवार, १४
आज बाईंनी स्वतः उंदीर ठेवले. सगळे खुशाल हिंडत होते. मी दारात आले आणि सगळे उंदीर थिजले. बाई हसल्या. म्हणाल्या, अगं, ती सारखी गोष्ट तूच! झटका देणारी मीच, तेव्हा पटलं. वाईट मात्र वाटलं.

सोमवार, १८
नवे उंदीर आले. त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही, झटका कसला तो ठाऊक नाही. खोक्याचं झाकण उघडलं. सगळे दगड.
काका म्हणाले, बरं नसेल तर घरी जा. बोलताना वर पाहिलंच नाही त्यांनी.

बुधवार, २०
पेटीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हा पाहिलं. उंदीर माझ्याकडे बघत नाहीत. सगळ्यांची नाकं एकाच बाजूला. माझ्या खांद्याच्या जरा वर.

शनिवार, ३०
भिंगरी हात पसरून जिना चढत आली. दारात थांबली. ओठ पांढरे. ह्यांनी हाका मारल्या, हलली नाही. मग अगदी हळू म्हणाली, "आई, पाठीवर कुणाला घेतलंयस?"
मी दोघांना तसंच परत पाठवलं. हे चिडले. चिडू देत.

रविवार, ३१
फोन केला. पोरगी जेवली, घरभर धावतेय. म्हणजे ते तिच्यामागे गेलं नाही. ती जागा मीच. मी लांब, तोवर ती सुखरूप.

सोमवार, १
सुट्टी. प्रयोगशाळेत मी एकटी. पाठ भिंतीला घट्ट टेकून बसलेय, मधून कागदही सरकणार नाही. समोर गोल पेटीत एक उंदीर.
तो हलला! मिशा साफ करतोय! रडूच आलं. ह्यांना कळवते, उद्याच या म्हणून—

थिजला.

नाक खांद्याकडे नाही. खाली. माझ्या मांडीकडे—

मान वळत नाही. पाय बधिर. मीच थिजलेय, नुसता हात चालतोय. मांडीवर ऊब — जड — लेकरू बसावं तसं—

कानाशी विचारतंय, भिंगरी कुठं राहते. नाही सांगणार. मेले तरी ना—

हा हात माझा नाही. मी लिहीत नाहीये. पूल ओलांडून डावीकडे, पिवळं फाटक, वरच्या मज—