पेरेतची बदनामी परत कर

व्हर्साय, मंगळवार, बाजार उठल्यावर

चि. क्लेमांस हिला एव्हारिस्तकाकाचे अनेक आशीर्वाद, आणि वरून एक नमस्कारही. (पुतणीला नमस्कार कोणी करत नाही, हे मला कळतं. पण तू आता छापील बाई झालीस, आणि छापील माणसाशी जपून वागावं असं माझे वडील म्हणत.)

तुझी प्रकृती ठीक असेलच. त्या पॅरिसच्या ग्रंथालयात बसून पाठ धरली असेल तर गरम विटेचा शेक घे, आणि जेवणाच्या जागी नुसती कॉफी पिऊ नकोस. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. माझा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना गप्प असतो. खानावळ चालू आहे. माझी लेओंतीनआत्या, म्हणजे तुझी आजी, मात्र नऊ दिवस झाले, वरच्या खोलीतून खाली उतरलेली नाही, आणि त्याला कारण तू आहेस. मी रागावून लिहीत नाही. घाबरून लिहितोय.

तुझं पुस्तक गेल्याच्या आधीच्या शुक्रवारी पोचलं. ‘राजाच्या ताटावरून बाजारात’ हे नाव वाचूनच आत्या हरखली. पहिल्या पानावरचं ‘लेओंतीनआजीस’ तिनं टपालवाल्याला दाखवलं, मग चीजवाल्याला, मग पुन्हा टपालवाल्याला. तिचं वेड तुला माहीत आहेच. जुन्या दरबारातल्या भानगडींची एकशे चाळीस पुस्तकं तिच्या पलंगाभोवती रचलेली आहेत. कोणती सरदारीण कोणत्या चोरजिन्यानं कुणाकडे गेली, हे तिला शेजारच्या घरात घडल्यासारखं पाठ. नवं पुस्तक आलं की ती आधी शेवटची नामसूची उघडते आणि आपल्या घराण्यातल्या, राजाची गुप्त प्रेयसी म्हणवलेल्या पेरेत ओबँचं नाव शोधते. साठ वर्षांत ते एकदाही सापडलं नाही. यावरून तिनं ठरवून टाकलं की महाराजांचं पेरेतवर इतकं खरं प्रेम होतं की त्यांनी कुठे नोंदच होऊ दिली नाही. (पुरावा नाही, हाच पुरावा! ही बाई वकील झाली नाही, हे गावाचं नशीब.)

बाहेरच्याला चमत्कारिक वाटेल, पण आपल्या गल्लीत घराण्याची अब्रू मोजतात ती पूर्वजांच्या बेअब्रूवर. बेकरीवाल्या फुर्कादबाई स्वतःला एका ड्यूकच्या आडवाटेच्या वंशातल्या म्हणवतात. औषधवाल्या बास्तीदच्या घरात कुणा बिशपचं नाक पिढ्यानपिढ्या उतरतंय. पण खुद्द राजा फक्त आपल्याकडे! खानावळीचं नाव ‘राजाची लाडकी’, आणि पुराव्याला भिंतीवर चौकटीत राजमुद्रेचा तो जेवणाचा रुमाल, त्यावर निरोपाच्या वेळी पडलेल्या महाराजांच्या आसवाचा डाग. आत्यानं लग्न केलं नाही. नोटरीच्या मुलाचं स्थळ आलं होतं म्हणे, पण ज्या घरात राजा येऊन गेला तिथे नोटरी कसा डोळ्यांत भरणार?

या वेळी मात्र तिनं नामसूची सगळ्यांसमोर उघडायची म्हणून राखून ठेवली. त्या रविवारी दुपारच्या जेवणाला तिनं अख्खी गल्ली बोलावली आणि सफरचंदाचा टार्ट संपताच चष्मा चढवून तुझं पुस्तक मोठ्यानं वाचायला घेतलं. (मी म्हटलं होतं, आधी एकटी वाच. पण या घरात मांजरसुद्धा माझं ऐकत नाही.) नामसूचीत पेरेतचं नाव दिसलं तेव्हा तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मला म्हणाली, “एव्हारिस्त, सापडली रे!” मग तिनं अठ्ठ्याऐंशीवं पान उघडलं. पेरेत ओबँ ही राजवाड्यामागच्या टपऱ्यांच्या रांगेत अकरा वर्षं दुकान चालवत असे, आणि महाराजांच्या मेजावरून परत आलेलं अन्न मुदपाकखान्याच्या कामगारांकडून घेऊन गावात विकत असे, इतकं वाचून ती थांबली. फुर्कादबाई ओठ पुसून म्हणाल्या, “म्हणजे उष्टं विकायची?” बास्तीद म्हणाला, “अहो, उष्टं का होईना, राजाचं होतं.” त्याला बिचाऱ्याला बाजू सावरायची होती, पण हसू आधी फुटलं. तेवढ्यात कुणीतरी पान उलटलं. तिथे तुझ्या प्रयोगशाळेचा अहवाल. रुमाल फोटो काढायला म्हणून नेला होतास ना गं? आसवाचा डाग म्हणजे बदकाची चरबी.

तेव्हापासून गिऱ्हाइकं ताट आल्यावर विचारतात, “ताजं आहे की राजघराण्यातलं?” मी हसतो. धंद्यात हसावंच लागतं. पण वर थाळी नेतो ती निम्मी परत येते. आत्या शहाऐंशी वर्षांची आहे, क्लेमांस. दर रविवारी गोड खाताना ती ही गोष्ट सांगायची आणि सांगताना वीस वर्षांची व्हायची. परवा मी दार ठोठावलं तर आतून म्हणाली, “कुणाला काय सांगायला येऊ खाली?” खरं सांगतो, जिन्यात उभं राहून मला रडू आलं.

म्हणून एक विनंती. तू खोटं बोल असं मी म्हणत नाही. (म्हणत असलो तरी तसं लिहीत नाही.) दुसऱ्या आवृत्तीत एक तळटीप घाल, मुंगीएवढ्या अक्षरात: ‘तथापि, महाराजांनी कधीतरी टपरीसमोर पालखी थांबवली असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.’ एवढंच. तुमच्या विद्येत ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे मीठ आहे, सगळ्यात चालतं. आमच्या पेरेतची अब्रू तू आम्हाला फुकट परत दिलीस, ती नको आहे. तिची बदनामी तेवढी परत कर.

तुझा काका,
एव्हारिस्त

ता. क. पाकीट गल्ल्यापाशी ठेवून मी भट्टीकडे गेलो, तेवढ्यात कुणीतरी ते उघडून वाचलं. माझ्या तळटिपेवर लाल पेन्सिलीनं काट मारलेली आहे. शुद्धलेखनाच्या सात चुकाही काढल्या आहेत.

ता. क. २. पुढचं अक्षर माझं नाही, हे तुला कळेलच.

क्लेमांस, तुझा काका मनानं चांगला आहे, पण बावळट आहे. तळटीप अजिबात घालू नकोस. नऊ दिवस मी वर रुसून बसले होते असं त्याला वाटतं. पहिले तीन दिवस रुसले होते, हे खरं. तू आधी माझ्या कानावर घालायला हवं होतंस. उरलेले सहा दिवस मी तुझं पुस्तक वाचत होते, शेवटच्या बारीक टिपांसकट. (त्या तुझ्या काकानं वाचलेल्या नाहीत. फुर्कादबाईंनीही नाहीत.) आपल्या पेरेतला कोतवालानं दंड केला होता, कारण तिनं कालचा तितर आजचा म्हणून विकला आणि तक्रार करायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात पळी घातली. अशी बाई राजाच्या लाडक्यांत एकही नव्हती, मी सगळ्या ओळखते. आणि त्या गिऱ्हाइकाचं नाव तू अगदी तळाशी दिलं आहेस, मला भिंगातून वाचावं लागलं: फुर्काद, बेकरीवाला, दर गुरुवारी आठवड्याचं उष्टं घेऊन जाणारा. आपण राजाचं उष्टं विकलं, यात चोरी कसली? पण मिटक्या मारत ते खाल्लं कोणी, हे या रविवारी टार्टनंतर मी मोठ्यानं वाचणार आहे. तू ये. फुर्कादबाईंना आमंत्रण द्यायला मी स्वतः बेकरीपर्यंत जाऊन आले.