काळ्या पट्ट्या नसलेला चौरस

६ जुलै
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांच्या डायऱ्या नंतर शोधत बसावं लागतं. माझी तयार असेल.
वर्गात स्मार्टबोर्ड बसला. तिसरीची भूमिती आता मी बदलणार. शेजारच्या वर्गातल्या बाई अजून दोरीला खडू बांधून फरशीवर वर्तुळ काढतात. मी त्यांचं नाव दोरीबाई ठेवलंय.
संकल्प: महिन्याभरात शाळेचा 'डिजिटल प्रमुख' व्हायचं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, दोन नावं आहेत, पर्यवेक्षिका वर्ग बघून ठरवतील. दुसरं नाव दोरीबाईंचं! हसू आवरेना.

७ जुलै
बोर्डाच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसत होत्या. सेटिंगमध्ये जाऊन चित्र आडवं ताणलं, बोर्डभर केलं. घरचा टीव्हीही मी असाच ठेवतो. बायको म्हणते, सगळे नट सुजल्यासारखे दिसतात. तिला टेक्नॉलॉजीतलं ओ की ठो कळत नाही.

१४ जुलै
चौरस शिकवला. पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठली, बोर्डाला पट्टी लावली आणि म्हणाली, सर, आडवी बाजू मोठी आहे. खाली ढळढळीत लिहिलंय, चारही बाजू समान! मी म्हटलं, कॉम्प्युटरच्या चुका काढण्याआधी स्वतःचं नाक पुसायला शीक. वर्ग खो खो हसला.
मुलांचा सहभाग वाढतोय.

१५ जुलै
पुन्हा तीच, पुन्हा पट्टी. पट्टी जप्त करून ड्रॉवरमध्ये टाकली. तिला शेवटच्या बाकावर बसवलं. तिथून तिला बोर्ड नीट दिसत नाही, म्हणजे शंकाही येणार नाहीत.

१८ जुलै
तिची आई भेटायला आली. मुलगी शाळेत यायचं नाही म्हणून रडते म्हणे. मी समजावलं, गणित सगळ्यांना झेपत नाही, आतापासूनच दुसरं काहीतरी बघा. बाईंचे डोळे भरून आले. स्पष्ट बोलणारे शिक्षक हल्ली राहिलेत कुठे?

२८ जुलै
चाचणी. सगळ्यांचे चौरस हुबेहूब बोर्डासारखे, ऐसपैस. पैकीच्या पैकी. एकीचाच तेवढा आखूड. कागदाची घडी घालून मापला म्हणे. शून्य दिलं.

४ ऑगस्ट
उद्या पर्यवेक्षिका. नवा शर्ट. आभाराचं भाषण पाठ.

५ ऑगस्ट
पर्यवेक्षिकाबाईंनी बोर्ड लावूच दिला नाही. पायाखालच्या फूट बाय फूट फरशीकडे बोट दाखवून विचारलं, हा आकार कोणता? अख्खा वर्ग एका सुरात: उभा आयत. मग चौरस कुठे आहे? सगळ्यांनी माझ्या टेबलाकडे बोटं केली.
नंतर त्यांनी नेमकी शेवटच्या बाकावरचीला उठवलं. मी डोळे वटारले नव्हते, नुसतं पाहिलं. तीही म्हणाली, उभा आयत. बाई म्हणाल्या, मोजून बघतेस का? ती म्हणाली, पट्टी सरांच्या ड्रॉवरमध्ये आहे. आणि मोजायचं नसतं.
पर्यवेक्षिका बराच वेळ काही लिहीत होत्या. शेरा चांगला असावा.

११ ऑगस्ट
दोरीबाई प्रमुख झाल्या. भूमितीचा तासही त्यांच्याकडे गेला. बोर्डावर कापड टाकलंय. मी तूर्तास मदतनीस. वर्तुळ काढताना दोरीचं एक टोक धरून मधोमध उभं राहायला कोणीतरी लागतं.
आज दुसऱ्या टोकाचा खडू चष्मेवालीकडे होता. माझा पाय जरा अवघडला. ती म्हणाली, सर, हलू नका, तुमच्यामुळे सगळ्यांचं चुकतं.
कोणी हसलं नाही. मी हललो नाही.