घर, भुयार आणि वरच्या खोलीची किल्ली

मी, कुमारी महेश्वरी कल्लप्पा हत्तुरे, वय सत्तावन्न, धंदा चादरींचे नक्शे काढणे, राहणार सोलापूर, हा लेख दुपारचे जेवण करून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, डोके मात्र जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्यासोबत "भुयार" या टीव्ही गेमचा चौथा मजला खेळून पाहावा.

कलम १. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात माझा धाकटा भाऊ शिवानंद याला "काहीएक देऊ नये" असे मी लिहिले होते आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. वकील गुरुराज म्हणाले, "बाई, रद्द केलं एवढं पुरे. कारण लिहायची गरज नसते." त्यांना नसेल. मला आहे. ते पुढे येईल.

कलम २. माझा देह आमच्या रीतीप्रमाणे बसवून मातीत ठेवावा. कपाळाला विभूती, अंगावर अप्पांच्या नक्शाची मोराची चादर. नवी आणू नये, जुनीच मऊ आहे. रडारड आटोपशीर असावी. जेवणात गव्हाची गोड हुग्गी करावी आणि तूप वाढताना हात आखडू नये. आमच्या घरी कुणी गेले की बायका नेमक्या तुपालाच काटकसर करतात.

कलम ३. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडचे आमचे घर, खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक खोली व गच्ची, हे माझे वडील कल्लप्पा यांनी हयातीत बक्षीसपत्राने माझ्या नावावर केले. त्यावर आज दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

अप्पा कारखान्यात नक्शे काढत. चौकोनांच्या कागदावर मोर बसवायचा, एकेक घर भरायचे, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोके पडायची आणि मागावर मोर उतरायचा. घरे भरायचे काम घरी माझ्याकडे असे. मी दहावीनंतर दुसरे काही शिकले नाही, पण चौकोनात काय मावते आणि काय मावत नाही हे मला कळते.

कलम ४. वरच्या खोलीतला जुना टीव्ही, टीव्ही गेमचा डबा, दोन रिमोट आणि "भुयार" ही कॅसेट शिवानंदला द्यावी. ती त्यानेच आणली होती.

तेव्हा तो कॉलेजात होता. हैदराबादच्या कुणा मित्राकडून डबा घेऊन आला. कॅसेटीवरचे अक्षर आम्हाला वाचता येईना. मराठी नाही, कन्नड नाही. गल्लीतल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाल्यांना दाखवले, तेही म्हणाले, आमचे नव्हे. म्हणून आम्हीच तिचे नाव भुयार ठेवले. आत अंधाऱ्या खोल्या, ढकलायचे दगड, किल्ल्या, सांगाडे, आणि दोन वीर. त्याचा लाल, माझी हिरवी. कॅसेट लागली नाही की शिवानंद तिच्यात फुंकर मारायचा, मग कपाळाला लावायचा, मग परत खुपसायचा. आमच्याकडे वीज जायची आणि खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. तिसऱ्या मजल्यावर पोचलो की दिवे जात. "आता गं अक्का?" "आता काय, पयल्यापासनं." आणि आम्ही खरोखर पहिल्यापासून सुरू करायचो. तसा आनंद मला पुढे कशाने झाला नाही, हे स्वच्छ लिहिते.

एकदा अप्पा चष्मा लावून टीव्हीपुढे बसले. पडद्यावर आग ओकणारा राक्षस होता. बराच वेळ बघून म्हणाले, "मुंगूस बरा जमलाय. शेपटीला दोन घरं कमी पडली." शिवानंद हसून हसून गादीवर लोळला.

शेवटच्या मजल्यावर एक दार होते आणि त्यासमोर एक फरशी. फरशीवर कुणी उभे राहिले की दार उघडे राही, पाऊल काढले की मिटे. म्हणजे एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने जायचे. शिवानंद म्हणायचा, "अक्का, तू थांब की. मी बघून येतो." तो आत गेला की खजिना, बँडबाजा, आणि खेळ खलास. माझी हिरवी बाई फरशीवरच. तो तरी काय करणार, त्या कॅसेटीत मागे फिरायची सोयच नव्हती. तेव्हा मला त्याचे काही वाटत नसे. धाकटा जिंकला की बरेच वाटायचे.

मग आमच्या अव्वाला, म्हणजे आई सावित्रम्माला, लकव्याचा झटका आला आणि त्याच महिन्यात शिवानंदला पुण्याला नोकरी लागली. एसटी स्टँडवर तो म्हणाला, "अक्का, वर्षभर तू थांब. मी जम बसवून येतो, मग तू तुझं बघ." मंद्रूपचे एक स्थळ आले होते. माणसे चांगली, त्यांनी वर्षभर वाट पाहिली. पुढच्या वर्षी लग्नपत्रिका आली, नवरीचे नाव दुसरे होते. अव्वा पुष्कळ वर्षे अंथरुणात होती, ती गेली तर अप्पांचे डोळे गेले. शिवानंद दिवाळीला मिठाईचा खोका घेऊन यायचा आणि पाहुण्यासारखा खुर्चीत बसायचा. अप्पांना माती देऊन आलो त्या दिवशी त्याने मला पहिला प्रश्न विचारला तो हा: "अक्का, घराचं काय ठरवलंयस?" आधीचे मृत्युपत्र मी त्याच आठवड्यात केले.

कलम ५. शेजारीण सोजरबाई, मूळ राहणार नातेपुते, हिला मी काहीही ठेवलेले नाही. मंद्रूपच्या मंडळींना "पोरगी दिसभर टीवीवर राक्षस मारती, चुलीफुडं काय करंल" असे हिनेच सांगितले होते. ते तरीही थांबले, हा त्यांचा मोठेपणा. वकिलांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मग सोजरबाईहून योग्य साक्षीदार मला कुठे मिळणार? अव्वाच्या आजारपणात हिने रोज पातळ भाकरी आणून दिली, तेही खरे आहे. पण ते तिला तोंडावर सांगितले की शेफारते.

कलम ६. माझ्या अंगावरच्या पाटल्या, अव्वाची बोरमाळ, बँकेतली ठेव, चौकोनी कागद, रंगपेन्सिली, अप्पांचे भिंग आणि नव्या "भुयार" खेळातला माझा निम्मा हक्क हे सर्व माझी भाची पायल शिवानंद हत्तुरे हिला मिळावे.

पायल ही शिवानंदची मुलगी. पुण्याची नोकरी सोडून, बापाशी भांडून, दोन वर्षांपूर्वी बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "आत्या, मला जुन्या काळातल्यासारखा गेम करायचाय. चौकोन चौकोन दिसणारा. पप्पा म्हणतात डोकं फिरलंय." मी म्हटले, आत ये, आमच्या घरात डोकी फिरलेलीच राहतात. तिने संगणकाचे सगळे केले, मी कागदावर घरे भरली. आमच्या भुयारात वटवाघळे आहेत, मागावरचा धोटा सुसाट अंगावर येतो, आणि जीव कमी झाला की शेंगाचटणी आणि कडक भाकरी खायची. तिसऱ्या मजल्यावरच्या चेटकिणीचे नाक मी फार मन लावून काढले आहे. ते कुणाचे, हे कलम पाच वाचणाऱ्याला कळेल.

शेवटच्या दारावरून आमचे भांडण झाले. पायलला जुन्या कॅसेटीसारखेच हवे होते, एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने सुटायचे. मी म्हटले, हे मी पुन्हा चालू देणार नाही. दाराच्या पलीकडे एक साखळी लाव. पुढे गेलेला खजिन्याला हात न लावता मागे फिरला आणि त्याने ती ओढली, तर आतलाही सुटावा. पण हे कुणाला सांगायचे नाही.

"आत्या, समोर खजिना असताना मागं कोण फिरेल?"

"बघू की."

तिच्या मित्रमैत्रिणींना खेळायला दिले. एकूण एक सगळे पेटीवर तुटून पडले, "समाप्त" बघून खूश झाले. साखळीपलीकडचा देखावा मी काढून ठेवला होता, तो कुणीच पाहिला नाही. पायल म्हणाली, एखादी खूण तरी ठेवूया. मी नाही म्हटले. माझ्यामागेही तिने तिथे पाटी, बाण किंवा चमकणारा दगड लावू नये, ही माझी अट आहे.

कलम ७. आता कारण.

यंदाच्या दिवाळीत शिवानंद आला. मिठाईचा खोका, खुर्ची, सगळे नेहमीसारखे. पायलशी धड बोलेना. ती म्हणाली, "पप्पा, शिव्या द्यायच्या तर द्या, पण एकदा खेळून द्या." दुपारी तिघे वर गेलो. पायलने आमचे जुने रिमोट संगणकाला जोडले होते. शिवानंदने रिमोट घेतला आणि त्याच्यात फुंकर मारली. रिमोटला कुणी फुंकर मारते का! पायल हसली, मला मात्र भरून आले. खुर्ची सोडून तो खाली चटईवर बसला. तिसऱ्या मजल्यावर चेटकीण बघून ओरडला, "आयला, सोजरबाई!"

फरशीपाशी आलो. मी माझी हिरवी बाई सवयीने फरशीवर उभी केली. दार उघडले. त्याचा लाल वीर पुढे गेला, खजिन्याची पेटी समोर आली, आणि तो थांबला.

"घे की," मी म्हटले.

"तू दिसंना गेलीस, अक्का."

"मी हाय हितंच. तू हो फुडं."

"खजिना काय पळून जातोय? तू आत हायस की अजून."

आणि त्याने वीर मागे फिरवला. पायलने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. तो दारापाशी आला, साखळी दिसली, त्याने ओढली. मी बाहेर आले. पडद्यावर मी काढलेली आमची गच्ची उघडली. अव्वा सांडगे वाळत घालते आहे, अप्पा चष्मा लावून मोर भरत आहेत, आणि दोन जागा मोकळ्या आहेत. लाल वीर आणि हिरवी बाई त्या जागांवर जाऊन बसली.

शिवानंदने रिमोट चटईवर ठेवला. मग म्हणाला, "अक्का, मला तवाबी फिरता आलं असतं." एवढा बाप्या माणूस, लेकीसमोर हुंदके देऊन रडला. मीही रडले. घर कुणाचे, हा विषय निघालाच नाही.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, गेममध्ये मागं फिरला म्हणून कुणी घर देतं का?" मी म्हणते, त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि मागे फिरून काही मिळेल असे तिथे लिहिलेलेही नव्हते. मला तेवढे पुरते. म्हणून खालच्या दोन्ही खोल्या पायलला, आणि वरची खोली गच्चीसह शिवानंदला द्यावी. पायलच्या नोकरीवरून त्याने पुन्हा तोंड उघडू नये.

कलम ८. वरच्या खोलीची किल्ली या मृत्युपत्रात दिलेली नाही, कारण ती मी आज सकाळीच शिवानंदच्या हातात ठेवली. मृत्युपत्र माणूस मेल्यावर चालू होते. दार उघडायचे तर मी आत आहे तोवर उघडलेले बरे.

हा लेख मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केला आहे.

ठिकाण: सोलापूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

(सही) महेश्वरी कल्लप्पा हत्तुरे

साक्षीदार १. रेवणसिद्ध शिवशरण म्हेत्रे, अप्पांचे कारखान्यातले जुने सोबती. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २. सोजरबाई महिपती वाघमोडे. वकील म्हंत्यात निस्ती सही करा, पर मी लिवनार. सही माज्यासमूर झाली. नाक माजं न्हाय. आन् महेश्वरी, आता उट, कागुद ऱ्हाऊ दे. वरनं शिवानंद कवाधरनं हाका मारतुया, "अक्का, चल की, तू जा फुडं, मी फरशीवर थांबलोय."