जिकडे कमी, तिकडे

१८ नोव्हेंबर
अखेर मालवण! सांगलीत सगळे विचारत होते, विज्ञानाच्या बाईंना समुद्र कशाला हवा? त्यांनी इथलं बांगड्याचं तिखलं खाल्लेलं नाही, दुसरं काय. शाळा जवळ, खोली माडीवर. घरमालकीण काशीबाई सत्तरीच्या, तरी सकाळी स्वतः पेज घेऊन जिना चढतात. खोलीत पूर्वी त्यांचे दीर गंगाराम राहायचे. बुडी मारून कालवं काढायचे, एकदा वर आलेच नाहीत. चावी देताना म्हणाल्या, "दार उघडा ठेव गो बाये, तेका वारो कमी पडता." मी हसले, मग वाईट वाटलं.

२० नोव्हेंबर
आठवीला फुप्फुसं शिकवली. वायुकोशाची भिंत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, पलीकडे रक्त. ऑक्सिजनला कोणी ढकलत नाही. जिकडे कमी, तिकडे तो आपणच जातो. कार्बन डायऑक्साइड उलट्या वाटेनं बाहेर. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकून दाखवलं, चार फुंकांत दुधाळ. उरलेली निवळी दुपारी खोलीत ठेवली, दार लावून परत शाळेत गेले. संध्याकाळी तीही दुधाळ. आत कोणीच नव्हतं.

२१ नोव्हेंबर
हातच्या काकणाला आरसा कशाला? खिडकीच्या फटी चिकटपट्टीनं बुजवल्या. एक भांडं गॅलरीत, एक बंद खोलीत. गॅलरीतलं जवळजवळ नितळ. आतलं पांढरंफेक. आत कोणीतरी श्वास सोडतंय.

२३ नोव्हेंबर
करोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला. गॅलरीत ९७, खोलीत ८९. तीनदा तेच. घाबरले, खोटं कशाला बोलू. काशीबाईंनी खाली झोपायला नेलं. उद्या सामान हलवणार. त्याआधी एकच प्रयोग, दार लावून, मी स्वतः आत. दहा मिनिटं.

२४, सकाळ
दार लावलं. निवळीत फुंकलं. वीस फुंका — नितळ.
छाती भरते, रिकामी होते. मधे काहीच बदलत नाही. माझं सगळं गंगारामकडे —

पाय उचलवत नाहीत. फोन खाली राहिला. बोटावर ७४.

तो गेला. कळतंय मला. त्याचं भागलं. आता कमी आहे ते माझ्यात.

जिन्यावर काशीबाईंची पावलं. पेज घेऊन. नको — मागे फिरा — हाक मारायला श्वास नाही —

७९. ८४. एकेक पायरी चढतायत तशी —

दाराशी धाप लागली त्यांना. पेजेचं भांडं पडलं. "बाये... दार उघड गो..."

९३. त्यांचा श्वास मला नकोय, देवाशप्पथ नकोय — पण बरं वाटतंय, किती बरं वा